प्रिंटला कात्री न लावणारं फ्रेमचं दुकान (गावभाग, सांगली)

सांगलीत फ्रेमची दुकानं पुष्कळ आहेत. देवांचे फोटो, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, सत्काराची मानपत्रं, मुलांची प्रमाणपत्रं, लग्नाचा एखादा मोठा फोटो, यावर त्यांचं वर्ष निघतं आणि हे काम बहुतेक जण नीट करतात. मी लिहितेय ते याच धंद्यातल्या एका लहान दुकानाबद्दल, पण वेगळ्या कामासाठी. डॉक्युमेंटरी छायाचित्रकारांची मोजक्या प्रतींची, सही आणि क्रमांक घातलेली प्रिंट्स ज्यांच्याकडे आहेत किंवा ज्यांना घ्यायची आहेत, त्यांनी मुंबई-पुण्याला धाव घेण्याआधी हे दुकान बघावं. गेली काही वर्षं माझं सगळं काम तिथंच होतं. मी समाधानी आहे. जिथं कमी पडतं तेही पुढं लिहिलंय.

दुकानाचं नाव देत नाही, कारण मालकांनीच नको म्हटलं. ते एकटे, हाताखाली एक पोरगा, गर्दी झेपत नाही. मारुती चौकाकडून गावभागात शिरलात की डाव्या हाताच्या बोळात पायरीवर फ्रेमच्या पट्ट्यांचे तुकडे उभे करून ठेवलेले दिसतील. तिथंच. मी त्यांना काका म्हणते, तुम्हीही म्हणा.

मी मार्केट यार्डात आमच्या अडतीच्या पेढीचे हिशोब बघते. स्वतः फोटो काढत नाही, विकत घेते. संग्रह मोठा नाही, पण त्यातलं प्रत्येक प्रिंट मी विचारपूस करून, कागदपत्रं बघून घेतलंय. आधी हा माल कसला असतो ते सांगते, नाहीतर फ्रेमवाल्यात एवढं काय शोधायचं, असं वाटेल.

छायाचित्रकार ठरवतो की या फोटोची या मापात बाराच प्रिंट्स काढायची. प्रत्येकाच्या खालच्या पांढऱ्या कडेवर किंवा मागं पेन्सिलीनं ४/१२, ५/१२ असा क्रमांक आणि सही. एक-दोन प्रती तो स्वतःसाठी ठेवतो, त्यांवर एपी, म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, असं लिहितात. बारा संपली की त्या मापातली छपाई बंद. बरेच जण पहिल्या काही प्रती कमी किमतीला देतात आणि जसजशा प्रती जातील तशी किंमत चढवत नेतात. त्यामुळं एखाद्या तरुण छायाचित्रकाराचं काम मनापासून आवडलं तर लवकर घेतलेलं बरं.

माझे सासरे दर वेळी विचारतात, "अगं, फोटो तर हजार छापता येतात, मग बाराच का?" प्रश्न रास्त आहे. निगेटिव्ह काही झिजत नाही आणि डिजिटल फाइल तर नाहीच नाही. मर्यादा असते ती छायाचित्रकारानं दिलेल्या शब्दाची. म्हणून शब्द नेमका कशाचा दिलाय ते आधी वाचावं. अमेरिकेतले छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांच्या जुन्या फोटोंची नवी, मोठ्या मापाची डिजिटल प्रिंट्स २०१२ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सगळी मिळून ५९ लाख डॉलरला गेली. त्यातल्याच काही फोटोंची जुनी, डाय ट्रान्सफर पद्धतीची (एकेक रंग कागदावर उतरवून केलेली) मर्यादित प्रिंट्स ज्यानं मोठ्या रकमा मोजून जमवली होती, असा एक संग्राहक कोर्टात गेला. दावा २०१३ मध्ये फेटाळला गेला. नवं माप आणि नवी पद्धत म्हणजे नवी आवृत्ती, असं कोर्टानं धरलं. तेव्हापासून मी कुठंही पैसे देण्याआधी विचारते की बारा म्हणजे या मापात बारा, की सगळी मापं मिळून बारा? आणि उत्तर प्रिंटबरोबर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर लिहून घेते. चांगला छायाचित्रकार या प्रश्नावर रागावत नाही.

ज्यांना थोडक्यात सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी मॅग्नमची चौकोनी प्रिंट्स आहेत. मॅग्नम ही छायाचित्रकारांची स्वतःची संस्था, १९४७ साली काढलेली. ते वर्षातून काही वेळा, काही दिवसांपुरती, सहा इंची प्रिंट्स विकतात. सही किंवा वारसांचा शिक्का असतो. छपाई सुरेख असते. मात्र तिथं मुदत ठरलेली असते, प्रतींची संख्या नाही. हा फरक माहीत असून घेतलं तर आनंदच आहे, माझ्याकडेही एक आहे.

माझं सगळ्यात जिवाचं प्रिंट हरिपूरच्या पेवांचं. कोल्हापूरच्या एका छायाचित्रकारांनी नव्वदच्या दशकात काढलेला फोटो, सोळा बाय वीस इंच, चांदीचं प्रिंट, म्हणजे डार्करूममध्ये जाड फायबर कागदावर हातानं केलेलं. क्रमांक ४/१२. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद ठेवायचे. वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळातला पेढीचा माल तिथंच असायचा. २००५ च्या महापुरात पाणी आत गेलं आणि बरीचशी पेवं कामातून गेली. फोटोत एका पेवाचं तोंड नुकतं उघडलंय. एक जण कडेला पालथा पडून दोरीनं पेटता कंदील आत सोडतोय, कारण ज्योत विझली तर आतली हवा वाईट आणि माणूस उतरवायचा नाही. मागं दोघं पाट्या घेऊन थांबलेत, एकानं तोंडाला फडकं बांधलंय. सगळ्यांच्या नजरा त्या ज्योतीवर. मोबाइलवर हे बघितलं तर पेवाचं तोंड म्हणजे नुसता काळा गोल. प्रिंटमध्ये त्या काळ्यात आतली गोल भिंत दिसते, हातानं सारवल्याचे फटकारे दिसतात, आणि कंदिलाचा उजेड जिथवर पोचतो तिथवर ते एकेक करून फिके होत जातात. या एका कारणासाठी मी प्रिंट विकत घेते.

आता दुकानाकडे येण्याआधी एक कडू अनुभव सांगायलाच हवा, कारण त्यामुळंच मी गावात शोध घेतला. माझं दुसरं एक प्रिंट ऊसतोडीच्या टोळीचं आहे. बीडकडून आलेली माणसं, पहाटेचा फड, कोयत्यांची रांग. पिग्मेंट शाईनं कापसाच्या कागदावर छापलेलं, क्रमांक ६/१५. फ्रेमसाठी ते दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या, झगमगीत दुकानात दिलं. पावतीवर "कड कापू नये" असं लिहून दिलं होतं. प्रिंट परत आलं ते देखणं, काळ्या पट्टीत, आणि खालची पांढरी कड गायब. तयार फ्रेमच्या मापात बसत नव्हतं म्हणून कापली. त्या कडेवर क्रमांक होता, सही होती. दुकानदारानं फ्रेमचे पैसे सोडले आणि त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

छायाचित्रकारांना फोन केला. त्यांनी जे केलं ते इथं सविस्तर लिहिते, कारण मर्यादित आवृत्ती पाळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सोळावी प्रत काढायला त्यांनी साफ नकार दिला. कापलेलं प्रिंट परत मागवलं, ते फाडलं, फाडलेल्याचा फोटो मला पाठवला. मग तेच प्रिंट नव्यानं काढून त्यावर तोच ६/१५ क्रमांक घातला आणि प्रमाणपत्रावर लिहून दिलं की मूळ प्रत खराब झाल्यानं नष्ट केली, ही तिची बदली प्रत. पैसे घेतले ते फक्त कागदाचे आणि छपाईचे. हळदीच्या ढिगावरची लॉटची चिठ्ठी हरवली की तोच माल यार्डात कवडीमोल होतो, हे आम्ही रोज बघतो. त्या पांढऱ्या कडेचं तसंच आहे.

गावभागातल्या काकांकडे पहिल्यांदा पेवांचं प्रिंट घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, पुसले, टेबलावर कोरा कागद अंथरला आणि विचारलं, "ताई, ह्यात कुठं हात लावायचा न्हाई तेवढं आधी सांगा." इतक्या दुकानांत हिंडले, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

हात लावायचा नाही अशा गोष्टी या: प्रिंट कशावरही चिकटवायचं नाही. कड कापायची नाही. काच प्रिंटला टेकवायची नाही. आपल्याकडची रोजची पद्धत याच्या बरोबर उलट आहे. हार्डबोर्डवर फेविकॉल, त्यावर फोटो, त्यावर थेट काच, मागं ब्राउन पेपर. देवाच्या छापील फोटोला ते चालतं. चांदीच्या प्रिंटवर मात्र जिलेटिनचा थर असतो. आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो मऊ पडतो आणि काचेला धरतो. एकदा धरला की ओढून काढताना चित्रच निघून येतं.

काकांकडे तेव्हा जो माउंट बोर्ड (खिडकी कापून चित्राभोवती बसवायचा जाड पुठ्ठा, त्यामुळं काच चित्राला टेकत नाही) होता तो साध्या लगद्याचा. मी मुंबईहून आणलेला कापसाचा, आम्लविरहित बोर्ड त्यांना दिला. त्यांनी दोन्हीचे तुकडे कापून आतला गाभा शेजारी शेजारी ठेवून बघितला. मग माळ्यावरून एक जुनी, दुरुस्तीला आलेली फ्रेम काढली. तिच्या खिडकीच्या आतल्या तिरक्या कडेभोवती तपकिरी रेघ उमटली होती, आणि तीच रेघ फोटोवरही. "मी आजवर म्हणत होतो, उदबत्तीचा धूर," ते म्हणाले. ती रेघ बोर्डातल्या आम्लाची. तेव्हापासून कापसाच्या बोर्डाचे दोन-चार ताव ते स्वतःच मागवून ठेवतात. मला याचं फार अप्रूप वाटतं. चाळीस वर्षं एक काम करणारा माणूस समोर पुरावा दिसल्यावर आपली पद्धत बदलतो, तीही गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून.

प्रिंट न चिकटवता धरायचं कसं? लहान, जाड कागदाच्या पिग्मेंट प्रिंटला ते कागदी कोपरे करतात. चार कोपऱ्यांत चार खिसे, प्रिंट त्यांत नुसतं बसतं. मोठ्या प्रिंटला जपानी कागदाच्या पट्ट्यांवर टांगतात. पट्टीचं एक टोक प्रिंटच्या मागं वरच्या कडेला, दुसरं मागच्या बोर्डाला. खालची बाजू मोकळी. पावसाळ्यात कागद फुगला, उन्हाळ्यात आकसला, तरी त्याला हलायला जागा राहते.

या पट्ट्या लावायला गव्हाच्या स्टार्चची खळ लागते. ती पाण्यानं पुन्हा सुटते, म्हणून जगभर संग्रहालयांतही तीच वापरतात. इथं काकांच्या घरचं ज्ञान कामी आलं. त्यांचे वडील पेढ्यांच्या चोपड्या बांधायचे, खळ घरातच शिजायची. बाइंडरच्या खळीत मात्र कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते चांदीच्या प्रिंटजवळ नको. डार्करूममधल्या काही ब्लीचमध्येच मोरचूद असतं, प्रतिमा उडवायला. हे सांगितल्यावर काकांनी क्षणभर विचार केला आणि काकूंना हाक मारली. उन्हाळ्याचे दिवस होते, कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढलेला होता. मीठ पडायच्या आधी त्यातला वाटीभर बाजूला घेतला. वरचं पाणी ओतून टाकलं, पुन्हा ताजं पाणी घालून निवळू दिलं, मग मंद आचेवर हलवत शिजवला. पारदर्शक झाल्यावर गार करून फडक्यातून दाबून काढला. हाती आली ती लोण्यासारखी मऊ, पांढरट खळ. आधी रद्दी कागदावर पट्टी लावून, वाळवून, ओली करून सुटते का ते बघितलं. सुटली. आता मी आणून दिलेली तयार स्टार्च पावडर वापरतात, कारण घरच्या चिकात कोंड्याचा अंश राहू शकतो, आणि कसर त्यावर येते. पण त्या दिवशीचं ते काम बघताना मला या माणसाबद्दल जो आदर वाटला तो आजही आहे.

खिडकी हातातल्या कटरनं, पंचेचाळीस अंशांत कापतात. कोपऱ्यात पातं पुढं गेल्याची खूण मला अजून कुठं दिसलेली नाही. चित्राच्या कडेला टेकवून न कापता ते खाली बोटभर जास्त जागा सोडतात, म्हणजे पांढरी कड, क्रमांक, सही सगळं काचेतून दिसतं. मागं प्लायवूड नाही. वाळवीची भीती, शिवाय त्यातून वायू सुटतात. त्याऐवजी सनपॅक शीट, निवडणुकीच्या बोर्डांना वापरतात तीच. प्लास्टिकची, पण प्रिंटला अपाय न करणारी, हलकी आणि स्वस्त. चारी बाजूंनी टेप लावून फट बंद करतात. खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराची बटणं, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांत हवा खेळते. पश्चिमेच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला प्रिंट लावू नका, असं ते प्रत्येकाला बजावतात.

या दुकानाची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट फ्रेमच्या मागं आहे. डॉक्युमेंटरी फोटोच्या मागं छायाचित्रकारानं बरंच काही लिहिलेलं असतं. गाव, तारीख, माणसांची नावं. पेवांच्या प्रिंटमागं फोटोतल्या सगळ्यांची नावं पेन्सिलीनं लिहिली आहेत, कंदील कुणाच्या हातात तेसुद्धा. फ्रेम झाली की हे सगळं झाकलं जातं. पुढं घर बदलतं, माणसं बदलतात, आणि उरतो तो "कुणीतरी कामगार" असा फोटो.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा स्थलांतरित आईचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असेल. कॅलिफोर्नियात निपोमो इथं मार्च १९३६ मध्ये काढलेला, गालाला हात लावून बसलेली बाई आणि खांद्यात तोंड खुपसलेली दोन मुलं. लँग तेव्हा सरकारी नोकरीत होत्या, त्यामुळं निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि ते चित्र कुणालाही फुकट उतरवून घेता येतं, छापता येतं. तरी लँग यांच्या काळात काढलेलं मूळ प्रिंट लिलावात आलं की मोठी किंमत येते. पण मला त्या फोटोची आठवण येते ती वेगळ्या कारणानं. त्या बाईंचं नाव लँग यांनी विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं ते १९७८ मध्ये. बेचाळीस वर्षं त्यांचा चेहरा जगभर फिरला आणि त्या स्वतः कुठंच नव्हत्या. त्या फोटोच्या छपाई-विक्रीतून त्यांना एक पैसाही मिळाला नाही.

हे मी काकांना एकदा बोलता बोलता सांगितलं. पुढची फ्रेम घ्यायला गेले तर मागच्या बाजूला एक पारदर्शक खिसा होता आणि आत जाड कार्डावर मजकूर, प्रिंटमागं होता तसाच्या तसा. काकांचं अक्षर मानपत्रं लिहून घोटलेलं, काळ्या शाईतलं, सुबक. खाली प्रिंटचा क्रमांक, छपाईचं वर्ष, फ्रेम केल्याचं वर्ष आणि कशानं टांगलंय ते. म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तर त्याला कळावं की ही खळ पाण्यानं सुटते. आता प्रत्येक कामाला ते हा खिसा करतात, वेगळे पैसे घेत नाहीत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जे काम केलंय, किंवा सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे जे फोटो काढले, तशा फोटोंतली माणसं शोभेसाठी भिंतीवर आलेली नसतात. ती कोण, कुठली, केव्हाची, हे चित्राबरोबर राहिलं पाहिजे. आमच्या दिवाणखान्यात ऊसतोडीचं प्रिंट लावावं की नाही यावर घरात बराच खल झाला. लावलं, आणि त्या टोळीतल्या माणसांची नावं मागं आहेत हे आल्या-गेल्याला मी आवर्जून सांगते.

पुराचा विषय सांगलीत टळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. दुकान पूर्ण बुडालं होतं. पाणी ओसरल्यावर लोक घरचे फोटो घेऊन आले, काचेला चिकटलेले, चिखलानं माखलेले. काकांनी एकही ओढून काढला नाही. घमेल्यात स्वच्छ गार पाणी घेऊन काचेसकट बुडवून ठेवले, आपोआप सुटले ते सोडवले, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवले. काही सुटले, काही नाही सुटले. ज्यांचे सुटले नाहीत त्यांना त्यांनी सल्ला दिला की काचेसकट जसाच्या तसा एखाद्या फोटोग्राफरकडून कॉपी करून घ्या. ओले फोटो एकमेकांवर ठेवून वाळू देऊ नयेत, त्यांची वीट होते, हे त्या महिन्यात पुष्कळांना त्यांच्याकडून कळलं. आता त्यांचा सगळा चांगला माल, आणि गिऱ्हाइकांची प्रिंट्स तर नक्कीच, वरच्या मजल्यावर असतात. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की तयार फ्रेमवाल्यांना ते स्वतः फोन करतात, घेऊन जा म्हणून.

आता उणिवा. काच ही मोठी अडचण आहे. अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक त्यांच्याकडे नसतं, मुंबईहून मागवावं लागतं, दर तावाला वाहतूक वेगळी आणि कधी तडा जाऊन येते. दुकानात जी बिनचकाकीची काच असते ती घेऊ नका. तिच्या खरखरीत पृष्ठभागामुळं चित्र धूसर दिसतं, आणि माउंटमुळं काच थोडी वर उचललेली असली की आणखीनच. साधी स्वच्छ काच घ्या आणि प्रिंट उन्हापासून लांब लावा, हे त्यातल्या त्यात बरं. पट्ट्यांची निवडही मोजकी आहे. सोनेरी नक्षीच्या खूप, साध्या सपाट काळ्या किंवा सागाच्या कमी. सागाची हवी तर सुताराकडून करून घेतात, आणि पॉलिशचा वास पूर्ण गेल्याशिवाय प्रिंट आत घालत नाहीत, म्हणजे आणखी उशीर. उशीर हा या दुकानाचा स्वभावच आहे. सांगितलेल्या तारखेला काम मिळेल असं धरून चालू नका. प्रदर्शनासाठी एकदम बरीच प्रिंट्स फ्रेम करायची असतील तर इथं देऊ नयेत असंच मी सांगेन. फोन क्वचित उचलतात.

पावतीवर ते पूर्वी फक्त "फोटो १" असं लिहायचे. ते मी बदलून घेतलंय. पावतीवर छायाचित्रकाराचं नाव, माप, क्रमांक आणि प्रिंटची किंमत लिहून मागा, ते देतात. विमा काढणार असाल तर ती पावती, खरेदीचं बिल आणि प्रमाणपत्र एका फाइलला ठेवा, आणि ती फाइल फ्रेमच्या मागं ठेवू नका.

दर असे. सोळा बाय वीसच्या प्रिंटला, कापसाचा माउंट, जपानी कागद, सनपॅक, साधी काच आणि काळी पट्टी धरून मला शेवटच्या वेळी ३,२०० रुपये पडले. साध्या पद्धतीनं तेच माप ९०० पर्यंत होतं. फरक जवळजवळ सगळा बोर्डाचा आहे. सागाला हजारभर वर. लहान प्रिंट्सना कोपरे लावून १,४०० ते १,६००. पुण्या-मुंबईत याच कामाला मला याच्या दुपटीहून जास्त दर सांगितले गेले आहेत. घासाघीस करू नका. बोर्डाचं बिल ते दाखवतात आणि मजुरी इतकी कमी लावतात की मलाच त्यांना वाढवा म्हणावं लागलं.

न्यायचं तर प्रिंट गुंडाळून नळीतून नेऊ नका. जाड फायबर कागद एकदा वळला की सपाट व्हायला फार दिवस घेतो, आणि तोवर ते हात लावत नाहीत. दोन सनपॅकच्या मध्ये, आत स्वच्छ पांढरा कागद घालून, सपाट न्या. मागचा मजकूर मोबाइलवर फोटो काढून आधी पाठवलात तर कार्ड लिहायला त्यांना सोपं जातं. दहावी-बारावीच्या निकालानंतरचे सत्काराचे दिवस आणि गणपतीच्या आधीचे आठवडे टाळा. सोमवारी बंद. चारचाकी बोळात जात नाही, मारुती चौकाच्या अलीकडेच लावून चालत या. पट्टीचे नमुने घरी नेऊन भिंतीला लावून बघायला देतात, अनामत घेत नाहीत. फक्त दोन दिवसांत परत द्या, कारण त्यांच्याकडे प्रत्येकाचा एकच तुकडा असतो.